बिनपायाचे मोर आणि माझी पट्टी

मी काय काम करते हे माझ्या वडिलांना समजावून सांगायला मला तीन वर्षं लागली, आणि ते त्यांना अजून पटलेलं नाही. आप्पा गावी, केमला, शेती करतात. एका उन्हाळ्यात घरी गेले होते तेव्हा ओट्यावर लॅपटॉप उघडून मी त्यांना दाखवलं. बघा, स्क्रीनच्या तळाशी ही चित्रांची पट्टी दिसते ना? हे पाकीट, ही फाईल, हा कचऱ्याचा डबा. ज्याच्यावर टिचकी माराल ते काम उघडतं. हिला डॉक म्हणतात. मी हा डॉक तयार करते. कुठलं चित्र कुठं बसवायचं, केवढं ठेवायचं, माऊसचा बाण जवळ आला की ते किती फुगवायचं, काम नसेल तेव्हा पट्टीनं कसं दडायचं आणि बोलावलं की किती झटक्यात यायचं, हे सगळं माझ्याकडं.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी फळीच की. सामान ठिवायची फळी."

"तसंच समजा."

"मग तिला चार म्हैनं कशाला लागत्यात? आपला सुतार एका दिसात मारतो. वर खिळं बी त्याचंच."

मी लॅपटॉप मिटला. माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. आईनं आतून विचारलं, "आता काय झालं गं?" आप्पा म्हणाले, "कायी न्हाय, फळी पडली."

तर ही फळी मी सोलापुरात भाड्याच्या एका खोलीत बसून करत होते. जगभरातली पन्नासेक रिकामटेकडी माणसं मिळून एक फुकटची कॉम्प्युटर प्रणाली बनवत होती, त्यात डॉक माझ्या वाट्याला आला होता. पट्टी खाली हवी की बाजूला, यावर गटातल्या एका परदेशी गृहस्थाशी मी तीन दिवस भांडले. खालीच हवी, असं ठासून सांगणारे अकरा परिच्छेद लिहिले. माणसाची नजर, मनगटाची ठेवण, सगळं त्यात घातलं. त्यानं उत्तरादाखल फक्त "बरं" एवढंच लिहिलं. जिंकूनही इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

अशात, माझ्या या पट्टीचं कुठूनतरी ऐकून, चादरीच्या एका कारखान्यातून फोन आला. कारखान्याच्या मालकाचा मुलगा पुण्याला शिकून नुकताच परत आला होता, आणि पुण्याहून परत आलेल्या माणसाला जे होतं ते त्यालाही झालं होतं. प्रत्येक गोष्ट त्याला 'सिस्टिमॅटिक' हवी होती. कामगार त्याला छोटे मालक म्हणायचे. त्यांनी चादरीचं डिझाईन काढायचा प्रोग्रॅम आणि मोठ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर घेतला होता. अडचण एकच होती, तो वापरायचा होता मास्तरांना.

मास्तर म्हणजे कारखान्याचे डिझाईन काढणारे. साठी ओलांडलेले, घरी तेलुगू बोलणारे, बापजाद्यांपासून मागावरचे. कुंभारीच्या वसाहतीतून रोज पावणेनऊला बसनं यायचे. गेली चाळीस वर्षं ते बारीक चौकटींच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक चौकट भरून डिझाईन काढत आले होते. एक चौकट म्हणजे एका धाग्याची उडी. तो कागद पंचिंगवाल्याकडं जायचा, तो त्याबरहुकूम कार्डांना भोकं पाडायचा, आणि ती कार्डं मागावर चढली की खटाखट, खटाखट चादर उतरायची. तुमच्या घरी सोलापुरी चादर असेल तर तिच्यावरचं एखादं फूल मास्तरांचं असायची बरीच शक्यता आहे.

"पट्टीवर सातच चित्रं ठेवा," छोटे मालक मला म्हणाले. "बाकी स्क्रीनवर काही दिसायला नको. त्यांना सोपं झालं पाहिजे मॅडम." मग जिना उतरता उतरता सहज म्हणावं तसं म्हणाले, "तीन आठवड्यांनी शनिवारी हैदराबादचे व्यापारी नमुना बघायला येतायत. तो नमुना कॉम्प्युटरवरनं नीट निघाला तर मास्तर राहतील. नाही तर सुरतेहून तयार डिझाईनं मागवायची. मी बोललोय मास्तरांशी, ते आता घरी आराम करू शकतात."

आराम हा शब्द त्यांनी असा काही म्हटला की मला तिथंच त्यांना दोन शब्द सुनवावेसे वाटले. पण सोलापुरातलं माझं ते पहिलंच काम होतं, त्यामुळं गिळले.

मी झटून पट्टी केली. खरंच सांगते, तेवढी सुंदर पट्टी मी आधी केली नव्हती. सात चित्रं, ठसठशीत. काम चालू असताना पट्टी पूर्ण दडलेली, म्हणजे डिझाईनला सगळी स्क्रीन मोकळी. बाण तळापासून बोटभर अंतरावर आला रे आला की पट्टी टुणकन वर. बाकीच्यांच्या पट्ट्या अगदी कडेला टेकल्याशिवाय येत नाहीत. मास्तरांचं वय बघून मी ती हद्द मुद्दाम वाढवली होती. एखादं चित्र नको असेल तर ते ओढून बाहेर टाकायचं, की फुस्स करून धुराचा एक लहानसा लोट निघून ते गायब. त्या धुरावर मी सबंध आठवडा घालवला होता. आप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वाळीत टाकलं असतं.

पहिल्या दिवशी मास्तर कॉम्प्युटरसमोर चपला काढून बसले. बाण पट्टीवर नेला, एक चित्र फुगलं, तसा त्यांनी हात मागं घेतला.

"हे फुगलं का?"

"बाण जवळ आला म्हणून, मास्तर."

"चादरीवरचं फूल असं जवळ गेल्यावर फुगलं तर गिऱ्हाईक पळून जाईल की."

"ही चादर नाही."

"ते खरं," ते म्हणाले आणि पुन्हा बाण नेला. पुन्हा फुगलं. पुन्हा मागं. मग पुढं. दहा मिनिटं त्यांचा हाच उद्योग चालला होता. मी समजले, घाबरलेत बिचारे. ते घाबरलेले नव्हते हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी पट्टीवर सातातली तीनच चित्रं उरली होती.

"मास्तर, चार चित्रं कुठं गेली?"

"गेली."

"अशी कशी गेली?"

"एक चुकून गेलं." मास्तर चष्मा पुसायला लागले. "धूर आला त्यातनं."

"आणि बाकीची तीन?"

"ती धूर बघायला."

मला इतका राग आला की हसूच फुटलं. सोलापुरात माझ्या धुराची कदर करणारा हा पहिला माणूस. मी चित्रं परत बसवली आणि त्यांना कुलूप घातलं. मास्तर थोडे हिरमुसले. मग मी त्यांच्यासाठी एक आठवं चित्र ठेवलं, कुठल्याच कामाचं नसलेलं, फक्त धूर काढण्यापुरतं, गेलं की आपोआप परत येणारं. रोज सकाळी आल्यावर ते एकदा फुस्स करायचे आणि मग कामाला लागायचे. छोट्या मालकांना याचा पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून मास्तर मला 'अम्मा' म्हणायला लागले. तेलुगू माणसं मुलीला मायेनं अम्मा म्हणतात. मला आधी वाटलं मी म्हातारी दिसायला लागले. माग चालवणाऱ्या एका मावशींनी खुलासा केला तेव्हा जिवात जीव आला.

मास्तर शिकले की हो! चार दिवसांत माऊस त्यांच्या हातात बसला. चौकटी भरताना पेन्सिलीसारखाच अंगठा वाकवून धरायचे. एकच हट्ट होता. सबंध कागद एकदम दिसला पाहिजे. मी म्हणायचे, मास्तर, हे बटण दाबा, तेवढाच भाग मोठा होतो, डोळ्याला त्रास नाही. ते म्हणायचे, मोराची मान काढताना त्याची शेपूट कुठंय ते नको का दिसायला? उरलेला मोर काय घरी ठेवून येऊ? त्यामुळं डिझाईनचा सगळा कागद स्क्रीनभर ताणलेला, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. मोरांच्या जोडीचं डिझाईन होतं, मध्ये वेल. ते एकच डिझाईन चादरभर पुन्हा पुन्हा यायचं होतं.

एकदा, अगदी सुरुवातीला, ते मला म्हणाले होते, "अम्मा, ही पट्टी जरा बाजूला बसेल का गं?"

झालं! मी त्यांना ते अकरा परिच्छेद तोंडी ऐकवले. पट्टी खाली का असावी, नजर कशी जाते, मनगट कसं वळतं, जगभर कशी खालीच असते. हातवारे करून सांगितलं. मास्तरांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "सरे." म्हणजे बरं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी समजले की मी त्यांना पटवलं. हल्ली आठवलं की कान गरम होतात.

व्यापाऱ्यांच्या शनिवारच्या आधीचा तो गुरुवार. नमुना मागावरून उतरला. छोटे मालक, मास्तर, दोन-तीन विणकर, त्या मावशी, मी, सगळे टेबलाभोवती. चादर पसरली. रंग झकास. वेल झकास. मोर तर असे की नजर हटू नये. पण बघता बघता मावशींनी पदर तोंडाला लावला.

"पाय कुटं गेले ओ?"

खरंच, एकाही मोराला पाय नव्हते. डुलणारी मान होती, पसरलेला पिसारा होता, गोल पोट होतं, आणि पोटाखाली कोरी पट्टी. चादरभर तसेच सगळे, एका ओळीत, अधांतरी.

"बसलेत वाटतं," एक विणकर म्हणाला.

"अंड्यावर," दुसरा म्हणाला.

"मोर बसतो व्हय रं अंड्यावर?" मावशी म्हणाल्या. सगळे पोट धरून हसायला लागले. मीही हसले. हसले नाहीत ते दोघं. छोटे मालक, आणि मास्तर.

"मास्तर, हे काय?"

मास्तरांनी चादरीवरून हात फिरवला, पोटाखालच्या त्या कोऱ्या पट्टीवर बोट थांबवलं. "माझी चूक," ते म्हणाले. तेवढंच. एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले.

छोट्या मालकांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं. त्यातलं मला फक्त 'सुरत' कळलं. मग मराठीत म्हणाले, "उद्या सकाळी फोन लावतो. तुमचं काही नाही हो मॅडम, तुमचं काम चांगलं झालंय."

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी बरंही वाटलं. पट्टी चोख चालली होती. म्हातारा माणूस, चुकला असेल, वय झालं की होतं. असा विचार मी केला, दुसऱ्या कुणी नाही.

सगळे चहाला गेले. मास्तरही बाहेर गेले होते. मी सहज त्यांच्या खुर्चीत बसून डिझाईन उघडलं. पाय कुठं राहिले ते बघावं म्हणून. खालच्या अठराएक ओळी कोऱ्या होत्या. भरूनच टाकू आपण चार चौकटी, म्हणून मी बाण खाली नेला.

टुणकन पट्टी वर आली.

बाण वर घेतला, पट्टी गेली. पुन्हा खाली नेला. टुणकन. जरा डावीकडून नेला. टुणकन. टिचकी मारली तर कॅल्क्युलेटर उघडला. जिथं मोराचे पाय यायचे नेमकी तिथंच माझी बोटभर हद्द होती. ती मी मास्तरांचं वय बघून वाढवली होती, आणि तिनं त्यांच्या मोराचे पाय खाल्ले होते. माझी पट्टी इतकी तत्पर होती की त्या जागी ब्रह्मदेवालासुद्धा चौकट भरता आली नसती.

आता सांगायला लाज वाटते, पण मी काय केलं? डिझाईन मिटलं, पर्स उचलली आणि घरी आले. सोलापुरातलं पहिलं काम. या कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात शब्द जायला एक चहा पुरतो. मालक स्वतः म्हणालेत तुमचं काम चांगलंय. मास्तरांनी स्वतः म्हटलंय माझी चूक. मग मी कोण मध्ये बोलणारी? अशी सगळी वकिली मी स्वतःशीच केली. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढं घेऊन बसले, आणि भाकरी तशीच राहिली. माझी भाकरी तशीच राहणं ही आमच्या घरात दवाखान्यात न्यायची वेळ समजतात.

शुक्रवारी सकाळी मी आठलाच कारखान्यात गेले. मास्तरांची बस यायची होती. मनात होतं की गुपचूप पट्टीची हद्द कमी करावी आणि म्हणावं, बघा मास्तर, आता प्रयत्न करून बघा. म्हणजे त्यांचंही भागलं आणि माझंही झाकलं. हद्दीचं माप घ्यायला कागद हवा होता, म्हणून त्यांचा खण उघडला.

खणात मोराच्या डिझाईनच्या छापील प्रती होत्या. पाच-सहा, वेगवेगळ्या दिवशीच्या. प्रत्येक प्रतीवर खालच्या ओळी पेन्सिलीनं भरलेल्या. पाय, नखं, पायाखाली जमीन, जमिनीवर दोन दाणे. सुबक, एक चौकट इकडची तिकडं नाही. म्हणजे मास्तरांना पट्टीखाली चौकटी भरता येत नव्हत्या, म्हणून ते रोज डिझाईन छापून घ्यायचे आणि उरलेले पाय हातानं काढायचे. पंचिंगवाल्याला हाच कागद द्यायचा होता. पण छोटे मालक सिस्टिमॅटिक. त्यांनी माझ्यादेखत, मास्तरांना न विचारता, फाईल पेनड्राईव्हवर घेतली आणि परस्पर पंचिंगला पाठवली. बिनपायांची.

मी कागद हातात धरून उभी राहिले. मास्तरांनी काल हा एक कागद टेबलावर टाकला असता तर विषय मिटला असता. पाय मी काढले होते, तुम्ही कागद बघितला नाही, एवढं एक वाक्य. ते का बोलले नाहीत? मला काही कळेना, आणि मला काही कळलं नाही की मी चिडते. त्यांच्यावर चिडले, मालकांवर चिडले, आणि सगळ्यात जास्त कुणावर ते सांगायला नकोच.

पावणेनऊला मास्तर आले. मागोमाग छोटे मालक आले, हातात फोन. कालचे विणकर आणि मावशी दाराशी रेंगाळत होते, काय होतं ते बघायला. मास्तर खुर्चीत न बसता बाजूला उभे राहिले, खुर्ची आधीच दुसऱ्याची झाल्यासारखे.

"मालक, एक मिनिट," मी म्हणाले. "सुरतेला फोन लावायच्या आधी मला एक ठिपका काढून दाखवा. या डिझाईनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात. एकच."

"मी?"

"तुम्ही पुण्याला शिकलायत ना?"

दाराशी कुणीतरी खोकलं. छोटे मालक बसले. माऊस धरला, बाण खाली नेला. टुणकन. टिचकी मारली, कचऱ्याचा डबा उघडला. त्यांनी तो मिटला, कपाळाला आठी घातली, पुन्हा बाण नेला. टुणकन. कॅल्क्युलेटर.

"थांबा, सेटिंग असेल काहीतरी," ते म्हणाले आणि आता बाण कडेकडेनं, चोरपावलांनी नेऊ लागले.

"हळू मालक," मावशी कुजबुजल्या, "झोपलीय ती."

टुणकन.

"उठली!" विणकर म्हणाला.

मग त्यांनी झडप घालून बघितली. मग दोन्ही हातांनी. कॅल्क्युलेटर तिसऱ्यांदा उघडला तेव्हा दाराशी आठ-दहा जण जमले होते आणि प्रत्येक टुणकनला एकजात हसत होते. आठवं चित्र चुकून ओढलं गेलं आणि फुस्स करून धूर निघाला, तेव्हा तर एका विणकरानं टाळ्याच वाजवल्या. छोटे मालक लालबुंद.

"कुणी केलंय हे असलं?"

"मी," मी म्हणाले.

हसू बंद झालं. मी पुढं बोलत राहिले. "मोरांचे पाय माझ्या पट्टीनं खाल्लेत, मास्तरांनी नाही. आणि हे मला काल दुपारीच कळलं होतं, तरी मी गप्प बसले. मास्तरांनी पाय काढले होते. हे बघा." मी सगळे कागद टेबलावर टाकले. "तुम्ही फाईल नेली तेव्हा कागद बघितला असता तर दिसले असते."

छोट्या मालकांनी एकेक कागद हातात घेतला. बराच वेळ नखांकडं आणि दाण्यांकडं बघत राहिले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. "उद्यापर्यंत निघेल नमुना?" त्यांनी मास्तरांना विचारलं, आणि आवाज मुलानं विचारावं तसा होता.

"बारापर्यंत पंचिंगला गेलं तर निघेल," मास्तर म्हणाले.

फोन खिशात गेला. मी पट्टी खालून उचलून डाव्या बाजूला लावली. किती वेळ लागला विचारू नका. चार मिनिटं. आप्पांच्या सुतारालाही एवढ्या लवकर जमलं नसतं. मास्तर बसले आणि पाय काढून झाले तेव्हा अकरा वाजले होते.

शनिवारी हैदराबादचे व्यापारी आले. चादर उलटून पालटून बघितली, मास्तरांच्याच वयाच्या दोघा गृहस्थांनी दाण्यांवर बोट ठेवून तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि मास्तर लाजले. छोट्या मालकांनी व्यापाऱ्यांना सगळ्यांसमोर सांगितलं की आमचं डिझाईन बाहेरून येत नाही, आमचे मास्तर काढतात. खुर्ची राहिली.

पाहुणे गेल्यावर मी मास्तरांच्या खोलीत गेले. ते पुढच्या डिझाईनला लागले होते.

"मास्तर, पट्टी आड येते हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग नीट ठासून सांगायचं नाही का?"

"एकदा सांगितलं की. तू इतक्या हौसेनं समजावत होतीस, म्हटलं राहू दे."

"ते जाऊ दे. गुरुवारी कागद का नाही दाखवलात? खण हाताशी होता तुमच्या."

मास्तरांनी माऊस सोडला. "कागद दाखवला असता तर चौकटी कॉम्प्युटरवर का नाही भरल्या ते निघालं असतं. मग पट्टी कुणी केली तेही निघालं असतं." त्यांनी चष्मा काढला. "अम्मा, नव्या माणसाचा पहिला नमुना मागावर चढतो ना, त्यात खोट निघाली तर ती मास्तर आपल्या नावावर घेतो. आमच्यात तसंच असतं. माझ्या पहिल्या नमुन्यात हत्तीला दोन सोंडा निघाल्या होत्या. माझ्या मास्तरांनी मालकाला सांगितलं, माझा हात हलला."

"पण तुमची खुर्ची गेली असती!"

"गेली असती."

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी ओरडते. मी ओरडले, असं कुणी करतं का, चाळीस वर्षांची नोकरी अशी कुणावर ओवाळून टाकतात का, मी काय तुमच्या हाताखाली शिकायला आले होते का, मी पट्टी करायला आलेली बाहेरची बाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मला तुमच्यात मोजायला! बाहेर मावशींनी माग थांबवला असावा, कारण खटाखट बंद झाली.

मास्तरांनी माझं संपेपर्यंत वाट बघितली.

"झालं? आता पहिला नमुना झाला," ते म्हणाले. "दुसऱ्यापासून चूक तुझ्या नावावर. सांगून ठेवतो."

मी ओढणीनं डोळे पुसले, आणि तोंडातून गावाकडचंच निघालं, "व्हय, मास्तर."